मंजिरीच्या गाडीत पाणी कुठून आलं

तनू, लिही. मी बोलते तसंच लिही, मधेच गोड करू नकोस. तुझ्या बापाचं नाव येईल तिथेही हात थांबवायचा नाही. तो माझ्या पोटचा आहे, मी त्याला बोलू शकते.

मला राग आलाय, आणि तो मार्चपासून उतरलेला नाही. एकावर असता तर उतरला असता. चार जणांवर आहे, आणि त्यातला एक तर सहा वर्षांपूर्वी वर गेलाय, त्याला आता काय बोलणार.

आधी तुझ्या आत्याचं लिही. माझी मंजिरी चौपन्न वर्षांची. इथेच विलायतेत, वॉटफर्डमध्ये, चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसते. तुटलेल्या दांड्या, नाकावरचे पॅड, तिळाएवढे स्क्रू, तीस वर्षं तेच काम. लग्न केलं, मोडलं, परत माझ्याकडे आली. मोडलं ते बरंच झालं, पण ते आज नको. आज गाडीचं.

गाडी म्हणजे ती दारासमोरच्या ड्राइव्हवरची. एकोणसत्तर सालची मस्टँग, अमेरिकेची. रंग बाटलीसारखा हिरवा, आणि नाक एवढं लांब की शेपूट पेव्हमेंटवर येतं आणि कचरा नेणारे बिनवाले कुरकुर करतात. तुझे आजोबा रघुवीर बस डेपोत फिटर होते. त्र्याऐंशी साली एक अमेरिकन एअरफोर्सवाला आपल्या देशी परत चालला होता, त्याच्याकडून ह्यांनी ती आणली. मी आठ दिवस बोलले नाही. घरात एक हीटर धड चालत नव्हता, दोन पोरं खोकत होती, आणि हा माणूस पेट्रोल पिणारं जनावर घेऊन आला. मी म्हणलं, हिला बांधणार कुठे? म्हणाले, दारात. आणि हसले. तेच त्यांचं. मी भांडायला उभी राहिले की हसायचे आणि बॉनेटखाली डोकं घालायचे.

मंजिरी तेव्हा बारा वर्षांची. शेजारी उभी राहून पाना द्यायची, पुढे मागायच्या आत द्यायला लागली. तुझा बाप अजय आत टीव्हीपुढे. म्हणून सांगते, गाडीची अक्कल कोणाला आहे ते आमच्या घरात बेचाळीस वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे.

जायच्या आधी ह्यांनी कागदावर गाडी दोघांच्या नावानं केली. तिथेच चुकलं त्यांचं. म्हणे दोन्ही लेकरं सारखी. लेकरं सारखी असतील, पण एकानं तिला पुसलंय आणि दुसऱ्यानं नुसता फोटो काढलाय.

मंजिरीनं गाडीत काय काय केलं ते लिही, कारण तेच कोणी विचारत नाही. मोठं काही नाही केलं. इंजिनाला हात लावला नाही, रंग बदलला नाही. दिवे होते ते देवघरातल्या समईएवढे, संध्याकाळी चार वाजता इथे अंधार होतो तेव्हा समोरचं काही दिसायचं नाही. तिनं बॅटरीपासून नवी वायर ओढली, मधे दोन छोट्या डब्या बसवल्या, त्यांना रिले म्हणतात, आणि दिवे असे लागले की समोरच्या घरातली बाई पडदा लावायला लागली. मागे ब्रेकचे दिवे नव्या तऱ्हेचे घातले. बॉनेट उघडलं की आपोआप वर राहील असे दांडे लावले, कारण ह्यांच्या डोक्यावर ते दोनदा पडलं होतं. पट्टे आधी नुसते कमरेचे होते, तिनं खांद्यावरून येणारे बसवले. दार जड आणि लांब, मला बसल्याजागी ओढता यायचं नाही, तर जुन्या बॅगेचा चामड्याचा पट्टा कापून दाराला शिवला. माझ्या सीटखाली दोन इंच लाकूड घातलं, तेव्हा कुठे मला डॅशबोर्डच्या वरचं जग दिसायला लागलं. पायाखाली जाड मॅट टाकली, आवाज कमी व्हावा म्हणून. पुढच्या काचेचं रबर वाळून गेलं होतं, तेही तिनं स्वतः बदललं, एका रविवारी, भाकरी खाऊन.

गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे कारपार्कात शिरताना तिकिटाचं मशीन माझ्या बाजूला. ते तिकीट ओढायचं काम माझं. मंजिरीनं मला स्वयंपाकघरातला चिमटा दिलाय, हात पोचत नाही म्हणून. मी चिमट्यानं तिकीट घेते. हसू नकोस, लिही.

आता त्या कीथचं. हे गाडीवाले लोक महिन्याच्या पहिल्या रविवारी एका पबच्या कारपार्कात जमतात, बॉनेट उघडून एकमेकांच्या गाडीत डोकावतात. कीथ त्यांचा सेक्रेटरी. साठीचा, पोट पुढे, खिशात टॉर्च. त्याच्या मते गाडी कारखान्यातून आली तशीच पाहिजे, स्क्रूसुद्धा तेव्हाचा. बारा वर्षं मंजिरी तिथे जाते. बारा वर्षं हा माणूस तिला विचारतो, हे काम कोणी केलं? ती म्हणते, मी. तो म्हणतो, छान, पण वडिलांनी दाखवलं असेल. मागच्या उन्हाळ्यात तुझा बाप एकदा आला, हातात कॉफी, पायात पांढरे बूट, तर कीथनं अख्खा अर्धा तास त्याला इंजिन समजावलं. मंजिरी शेजारी उभी. आणि तुझा बाप माना डोलावतोय. त्याला तेल कुठे घालतात ते माहीत नाही.

मला वाचता येत नाही, इंग्लिश तर नाहीच, पण ऐकता येतं. पन्नास वर्षं इथल्या बसस्टॉपवर उभी आहे मी. कीथ तिच्या कामाला "फिडलिंग" म्हणतो. मी मंजिरीला विचारलं, म्हणजे काय गं? ती म्हणाली, "उगाच चाळा करणं."

मी म्हणलं, "तू काही बोलली नाहीस?"

"आई, त्याच्याशी बोलून काय होणार?"

बापाचीच लेक. बोलायचं नाही, डोकं खाली घालायचं.

मग मार्चमध्ये ते झालं. ईलिंगला माझी जाऊ राहते, वरदा. तिच्याकडून दुपारी निघालो, आणि पाऊस असा लागला की काचेवर बादल्या. मला पायाला गार लागलं. बघते तर माझे मोजे भिजलेले, मॅटवर पाणी. म्हणलं, मंजिरी, तुझी गाडी गळतेय. ती काही बोलायच्या आत वायपर थांबले आणि दिवे गेले, दोन्ही एकदम. मागून लॉरी. तिनं दात खाऊन गाडी कडेला घेतली, काड्यापेटीएवढ्या जागेत बसवावी तशी नेमकी दोन खांबांच्या मधे. मग आम्ही दोघी छत्री घेऊन गवतावर उभ्या. मी तिच्या हातात हात दिला, तर ती म्हणाली, "सॉरी, आई." कशाचं सॉरी? तिनं काय पाऊस पाडला?

तुझ्या बापाला कळलं आणि तो बेसिंगस्टोकहून दुसऱ्याच दिवशी हजर. एरवी महिना महिना येत नाही, ट्रॅफिक असतो. बूट न काढता किचनमध्ये उभा राहिला.

"ताई, आईला घेऊन असली गाडी चालवतेस? डेथट्रॅप आहे ती."

मंजिरी म्हणाली, "पाणी फ्यूजबॉक्सवर गेलं. कुठून ते शोधते मी."

"तू शोधणार? तूच काच बसवलीस, तूच वायरी ओढल्यास. यूट्यूब बघून."

"यूट्यूब नाही, बाबांकडून."

"बाबा बस फिटर होते, ताई. लेट्स बी ऑनेस्ट."

मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. म्हणलं, "त्या बस फिटरनं तुला युनिव्हर्सिटीत पाठवलं. आधी बूट काढ."

त्यानं बूट काढले, पण हट्ट सोडला नाही. म्हणाला, त्यानं कीथला फोन केलाय. कीथ रविवारी येऊन बघेल. पाणी मंजिरीच्या कामामुळे येतंय असं निघालं, तर गाडी विकायची. आणि घेणार कोण? कीथच. तो तिच्यातलं सगळं काढून कारखान्यासारखी करणार, दिवे, पट्टे, माझं लाकूडसुद्धा.

मी म्हणलं, "म्हणजे न्याय करणारा तोच आणि गाडी नेणारा तोच?"

"आई, तुला नाही कळत. ही इज द एक्स्पर्ट."

हे वाक्य आहे ना, तुला नाही कळत, ते मी सासूकडून ऐकलं, दिराकडून ऐकलं, इथल्या डॉक्टरकडून ऐकलं. पोटच्या पोराकडून ऐकायचं राहिलं होतं.

आणि मंजिरी? ती "बरं" म्हणाली. मला तिचाही राग आला. रात्रीचं जेवण मी तिच्यापुढे आपटलं. म्हणलं, "बरं काय? गाडी जाईल उद्या."

"आई, माझंच चुकलं असेल तर? तू आत बसलेली होतीस."

आठवडाभर ती कामावरून आली की गाडीखाली. काचेवर पाइपनं पाणी मारून बघितलं, रबर कोरडं. पण आत पाणी येतच होतं. मी खिडकीतून बघायचे आणि देवाला म्हणायचे, हिचं काही चुकलेलं नसू दे. मी दर दसऱ्याला तुझ्यासमोर गाडीची पूजा केलीय, एकदाही चुकवली नाही, हे लक्षात ठेव.

रविवारी कीथ आला, टॉर्च घेऊन. तुझा बापही आला. कीथनं मॅट उचलली, खाली लोखंडाला गंज. जीभ चुकचुकवून तुझ्या बापाला म्हणाला, हे बघ, ही मॅट पाणी धरून ठेवते. मग काचेच्या रबरावर नख फिरवलं. म्हणाला, हे घरी केलेलं काम. पाणी इथूनच.

मंजिरी म्हणाली, "रबर मी तपासलंय. काचेच्या खालच्या जाळीतून येतंय असं मला वाटतं."

तुला कळावं म्हणून सांगते. बॉनेट संपतं आणि काच सुरू होते तिथे पत्र्याला बारीक फटी आहेत. त्यातून वारा आत येतो. पाऊसही जातो, पण तो आतल्या पन्हळीतून दोन बाजूंच्या भोकांनी खाली रस्त्यावर पडतो. ती भोकं बुजली की पाणी साठतं, आणि साठलं की वाऱ्याच्या वाटेनं माणसाच्या पायावर. हे मला आता माहीत आहे. तेव्हा नव्हतं.

कीथ म्हणाला, तिथे हात जात नाही, मडगार्ड कापावं लागेल, ते त्याच्या गॅरेजमध्ये होईल. तुझा बाप म्हणाला, "मग तसंच करू." आणि मंजिरी, जी बारा वर्षं गप्प होती, ती म्हणाली, "थांबा दोघं." गाडीत उताणी झोपली, डोकं पेडलपाशी. पायापाशी वाऱ्याचं एक झाकण असतं ते उघडलं आणि त्यातून हात वर घातला, कोपरापर्यंत. कीथचा पंजाही आत गेला नसता. तिचा हात चष्म्याच्या स्क्रूंनी तयार झालेला.

बराच वेळ ती नुसती चाचपत होती. मग मूठ बाहेर आली. काळा चिखल. तिनं तो वर्तमानपत्रावर ठेवला. परत हात, परत चिखल. चौथ्या मुठीत एक झेंडूचं रोप आलं, दोन पानांचं, उन्हावाचून पांढरट पडलेलं. कीथ वाकला. "इज दॅट अ प्लांट?"

मी जवळ गेले. वरवरचा थर अजून पुरता कुजला नव्हता. त्यात दाणे होते, लालसर. मी एक दाणा बोटांत धरून चोळला, तनू. मागच्या दसऱ्याचं कुंकू अजून त्याला होतं.

अक्षता. माझ्या. दर वर्षी गाडीला हार घालून, नारळ फोडून, बॉनेटवर मूठभर तांदूळ टाकायचे मी. काचेवरून ओघळून कुठे जातात ते बघितलं कोणी? हे गेल्यापासून तर दोन मुठी टाकायचे, एक माझी आणि एक त्यांची. आणि झेंडूच्या पाकळ्या वेगळ्या.

मंजिरीनं ओळखलं होतं. माझ्याकडे एकदा बघितलं, दाण्यांवर चिंधी टाकली आणि कीथला म्हणाली, "लीव्ज. जुनी पानं आहेत. मी साफ करायला हवं होतं."

कीथ म्हणाला, हो ना, हाच तर निष्काळजीपणा. तुझा बाप म्हणाला, "सो इट इज युअर फॉल्ट, ताई." आणि ती म्हणाली, "हो."

मला वाचवायला गाडी देत होती ती. चौपन्न वर्षांची बाई, बापाची एकच वस्तू.

मी चिंधी उचलली. म्हणलं, "कीथ, नॉट लीव्ज. राइस. माय राइस. आय पुट. एव्हरी इयर, गॉड्स डे." मग तुझ्या बापाकडे वळून मराठीत म्हणलं, "हिचं काही चुकलेलं नाही. दिवे हिनं विझवले नाहीत, मी विझवले. आता मला विक, बेसिंगस्टोकला ने आणि कारखान्यातून आल्यासारखी करून घे."

तुझा बाप हसला नाही. चांगलंच केलं.

मंजिरीचा हात परत आत होता. "अजून काहीतरी आहे," म्हणाली, "पत्र्याला तारेनं बांधलंय." ओढलं, आणि एक जाळीचा तुकडा बाहेर आला. दुसऱ्या बाजूनं दुसरा. चिखल पुसला तर पितळेची बारीक जाळी, अर्धगोल कापलेली. कडेला कारखान्यातला शिक्का नव्हता, माझं नाव होतं. माझ्या आईनं लग्नात दिलेली रव्याची चाळणी, तिच्या कडेवर कासारानं नाव कोरून दिलेलं. मला वाचता येत नाही, पण ती दोन अक्षरं बोटाला माहीत आहेत.

ती चाळणी चौऱ्याण्णव साली दिवाळीच्या आधी हरवली. मी वरदाला म्हणलं होतं, तू नेलीस. तिनं नाही म्हणलं, मी ऐकलं नाही. दोन वर्षं आम्ही बोललो नाही. तिच्या मुलीच्या बारशाला मी गेले नाही. चाळणीपायी.

आणि हा माणूस, तुझा आजोबा, सगळं बघत होता. एकदा, एकदाच मला म्हणाला होता, "तांदूळ ताटात टाक ना, गाडीवर नको." मी म्हणलं, देवाचं तुम्ही मला शिकवू नका. झालं. परत बोललाच नाही. माझी चाळणी कापली, भोकांवर बांधली, म्हणजे तांदूळ वर राहील आणि पाणी जाईल, आणि दर हिवाळ्यात हूवरची, त्या धूळ ओढायच्या मशीनची, नळी घालून गुपचूप काढत बसला. मी विचारलं की म्हणायचे, धूळ काढतोय. पंचवीस वर्षं. गेल्यावर ते काढायचं कोणाला माहीत? लेकीलाही सांगितलं नाही, कारण तिनं मला सांगितलं असतं.

कीथ ती जाळी हातात घेऊन उलटसुलट बघत होता. म्हणाला, कोणी केलंय, फार व्यवस्थित केलंय. मी म्हणलं, "माय हजबंड. फिडलिंग." तो लाल झाला. चहा न घेताच गेला, आणि मीही आग्रह केला नाही.

तुझ्या बापानं दोन आठवड्यांनी त्याचा अर्धा भाग मंजिरीच्या नावानं केला. फॉर्म आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "सॉरी, ताई." मला नाही म्हणाला. तुला नाही कळत, हे वाक्य अजून त्याच्याकडे आहे. त्यानं ते परत घ्यावं, मग माझा राग जाईल. हेही लिही. तो वाचेल तेव्हा वाचेल.

मंजिरीनं गंज खरवडला, औषध लावलं, नवी जाळी बसवली, आणि आता ती दर महिन्याला साफ करते. आम्ही ईलिंगला गेलो. मी चिमट्यानं तिकीट घेतलं, वरदाच्या दारात उभी राहिले आणि चाळणीचे दोन तुकडे तिच्या हातात दिले. तिनं बघितले. म्हणाली, "वहिनी, एकतीस वर्षं झाली. मी तेव्हाच सांगितलं होतं." मी म्हणलं, हो, सांगितलं होतंस. मग तिनं चहा टाकला. फार बोललो नाही. बारसं काही परत येत नाही.

तू म्हणतेस, आजी, तू अजून चिडली आहेस. आहे मी. एवढा हुशार माणूस, गाडीतलं प्रत्येक भोक त्याला माहीत, आणि बायकोशी दोन वाक्यं भांडला नाही. भांडला असता तर मी आरडाओरडा केला असता, चार दिवस जेवले नसते, आणि पाचव्या दिवशी ताटात तांदूळ टाकले असते. चाळणी राहिली असती. वरदा दुरावली नसती.

परवा मंजिरी किचनमध्ये आली. दसरा महिन्यावर आलाय. म्हणाली, "आई, मला तुझं मोठं स्टीलचं ताट पाहिजे. पूजेच्या दिवशी जाळीवर झाकण म्हणून ठेवायचं आहे. कापायचं नाही, चुंबक लावीन, बसेल. तू अक्षता हव्या तेवढ्या टाक."

ताट माझं लाडकं आहे, बासुंदीचं. मी म्हणलं, "नाही देणार."

"का?"

"तांदूळ गाडीवर कशाला? ताट घे, पण हातात धर. त्यातच टाकीन."

ती हसली, बापासारखीच. मी म्हणलं, "हसू नको. तू विचारलंस म्हणून देतेय."